हाव्रिलकबाईंच्या पुस्तकाची सूची

माणूस दुसऱ्याच्या आठवणी वाचतो तो स्वतःच्या आत्म्याचा शोध घेण्यासाठी. हे वाक्य माझं आहे. आमच्या टॅन लेक गावच्या ग्रंथालयात 'आत्मचरित्रांची ओढ' या विषयावर मी भाषण दिलं, त्याची सुरुवात मी या वाक्याने केली होती आणि समोरच्या अकरा श्रोत्यांपैकी दोघांनी माना डोलावल्या होत्या. त्यातली एक मान झोपेने डोलत होती, हे मला नंतर घरी कळलं.

खरी गोष्ट अशी आहे की कुठलंही आत्मचरित्र हाती आलं की मी ते मागून उघडतो. मागे सूची असते. त्या सूचीत मी स्वतःचं नाव शोधतो. एका माजी मंत्र्याच्या, एका ध्रुवप्रदेशातल्या संशोधकाच्या आणि एका गायिकेच्या आठवणींत मी 'सोल्बर्ग, अर्विड' हे नाव शोधलेलं आहे. या तिघांशी माझी ओळख नव्हती. पण तपासून घेतलेलं बरं असतं. नाव सापडलं नाही की जरा हायसं वाटतं, जरा अपमानही वाटतो, आणि मग पुस्तक पुढून वाचायला मन मोकळं होतं.

त्यामुळे जानेवारीत एका सकाळी शेजारच्या वेंडेलने "हाव्रिलकबाई आत्मचरित्र लिहिताहेत," असं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा एखाद्या पुस्तकात आपलं नाव नक्की असणार याची खात्री वाटली आणि हातातली कॉफी गार झाली. बाहेर उणे चौतीस तापमान होतं, तरी कॉफी गार झाली ती त्यामुळे नव्हे.

हाव्रिलकबाई पस्तीस वर्षं आमच्या गावच्या पोस्टमास्तरीण होत्या. सहाशे वस्तीचं गाव. त्यातल्या प्रत्येकाचं प्रत्येक पाकीट, प्रत्येक पुडकं आणि प्रत्येक उघडं कार्ड त्यांच्या हातांखालून गेलेलं. पाद्रीबुवांपेक्षा त्यांना जास्त माहिती, कारण पाद्रीबुवांना लोक निवडून सांगतात.

"गावाच्या वारसा समितीतर्फे छापणार आहेत," वेंडेल म्हणाला. "अडीचशे प्रती. मी म्हणतो, काय गरज आहे? बाईंना अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली. या वयात माणसाने विसरायला लागावं."

"तुला कसली भीती?" मी विचारलं.

वेंडेलने तीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनं केली आहेत. त्याने माझ्याकडे पाहून माझं वजन केलं आणि मग हळूच म्हणाला, "एकोणऐंशी साली मी टपालाने एक पट्टा मागवला होता. पोट आत ओढून धरायचा. साध्या खाकी कागदात येईल म्हणाले होते. आला तो पारदर्शक पिशवीत, वर जाहिरातीतल्या माणसाचं चित्र. पट्टा लावायच्या आधीचं."

मी हसलो. मोठ्याने हसलो. माझी भानगड मोठी असल्यामुळे मला ते हसू फार उपयोगी पडलं.

माझी भानगड सांगतो. मी नोकरीने पालिकेचा तण-निरीक्षक. लोकांच्या शेतात जाऊन 'हे रोपटं बेकायदेशीर आहे' असं सांगणं हे माझं काम. पण गाव मला ओळखतं ते गावच्या साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी सदरामुळे. चौऱ्याऐंशी साली संपादकाने ठरवलं की हे सदर बंद करून तिथे ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात घ्यायची. तसं झालं नाही, कारण सदर चालू ठेवा अशी विनवणी करणारी वाचकांची पत्रं त्याच्याकडे आली. एक निवृत्त शिक्षक, एक शेतकरी, एक परिचारिका, 'उत्तर टोकाला राहणारी एक विधवा' असे वेगवेगळे वाचक. संपादक गहिवरला. सदर पुढे सव्वीस वर्षं चाललं. मी ते बंद केलं तेव्हा गावाने मला एक पितळी पाटी दिली. तिच्यावर कोरलंय, 'वाचकांच्या आग्रहाने लिहीत राहिलेला लेखक'. ती आमच्या शेकोटीच्या वर आहे.

ती सगळी पत्रं मी लिहिली होती.

आणि तीही पोस्टाने पाठवली होती. साप्ताहिकाची कचेरी पोस्टासमोरच, ऐंशी पावलांवर. पण पत्रं दाराखालून सरकवली असती तर संशय आला असता. म्हणून मी तिकिटं लावून, आठवडाभर रोज एक-दोन अशी हाव्रिलकबाईंच्या खिडकीतून आत सारली. बाईंनी प्रत्येकावर शिक्का मारला. काही बोलल्या नाहीत. शेवटच्या पत्राच्या वेळी मात्र त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ते पाहणं मला चाळीस वर्षं पाठ आहे.

याहून नाजूक गोष्ट घरची. माझी बायको मार्लिस हिने ती सगळी पत्रं साप्ताहिकातून कापून वहीत चिकटवली आहेत. त्यातलं विधवेचं पत्र जरा जास्त जमलं होतं. 'हिवाळ्याच्या लांब रात्री श्री. सोल्बर्ग यांचे शब्द माझी सोबत करतात,' वगैरे. मार्लिस आजही जेवताना मध्येच विचारते, "ती बाई कोण होती रे?" चाळीस वर्षं मी एका परस्त्रीबद्दल संशय सोसतोय, आणि ती परस्त्री मी आहे.

तेव्हा पुस्तक छापण्याआधी ते कसंही करून वाचणं भाग होतं. वाट वेंडेलनेच दाखवली.

"पुस्तकाला सूची लागते ना?" तो म्हणाला. "करणाऱ्याला आधी सगळं वाचावं लागतं. तू कर. तू लेखक आहेस. आणि मग बघ जरा, 'प' खाली पट्टा येतोय का."

मी वारसा समितीला पत्र लिहिलं की या ऐतिहासिक ग्रंथाची सूची मी विनामूल्य करून देईन. समितीने एका दिवसात होकार दिला. विनामूल्य या शब्दाला सगळ्या समित्या एका दिवसात होकार देतात.

हाव्रिलकबाई आता गावातल्या वृद्धनिवासात राहतात. तिथे गेलो तर व्यवस्थापक टॅमसिन समोर आली. मुलगी गोड, हातात कागदांची चळत.

"काका, तुम्ही आमच्या रहिवाशांबरोबर नियमित वेळ घालवणार, म्हणजे तुम्ही स्वयंसेवक झालात," ती म्हणाली. "स्वयंसेवकांना पोलिसांचा दाखला लागतो. दुर्बल घटकांच्या सुरक्षेसाठी."

"टॅमसिन, तुला शाळेच्या नाटकात भोपळा कुणी केलं होतं? मीच ना?"

"हो काका. पण तेव्हा हा नियम नव्हता."

मी अठ्ठावन्न किलोमीटर गाडी हाकत मोठ्या गावच्या पोलीस ठाण्यात गेलो. अर्जावर प्रश्न होता, 'वृद्ध व्यक्तींच्या बाबतीत आपण नेमके काय करणार आहात?' मी लिहिलं, 'सूची'. खिडकीतल्या अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे नक्की काय करणार त्यांचं?"

"अकारविल्हे लावणार."

हे मी बोलायला नको होतं. त्याने यंत्रात माझं नाव घातलं, जरा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे सांगितलं की माझ्याच जन्मतारखेला जन्मलेल्या एका पुरुषाच्या नावावर जुना गुन्हा आहे. तो मी नव्हे हे सिद्ध करण्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतील. नियमच आहे तसा. मी दहाही बोटं दिली. तण-निरीक्षक म्हणून मी चौतीस वर्षं सरकारची सेवा केली, आणि सरकारने माझा अंगठा हातात धरून काचेवर असा लोळवला, जणू मी पोळीचं पीठ.

नेमकी त्याच वेळी आमच्या गावची एक बाई बंदुकीच्या परवान्याचं काम घेऊन तिथे आली होती. तिने मला पाहिलं, हात हलवला आणि मी ठशांची बोटं वर करून तिला हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला कॅफेतल्या लांब टेबलावर, जिथे गावातले सगळे निवृत्त पुरुष बसतात, मी पोचलो. कुणीतरी माझ्यासाठी साखर पुढे केली. हे कधीच घडत नाही. वेंडेल माझ्या कानाशी आला. "काळजी करू नकोस. मी सगळ्यांना सांगितलंय, अर्विडने जे काही केलं असेल ते चांगल्या हेतूनेच केलं असणार."

ठशांचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत अटकेची बातमी विझली, पण सूचीची पसरली. आता लोक घरी येऊ लागले. एका माणसाला आपलं नाव गाळून हवं होतं. एका बाईला आपलं नाव घालून हवं होतं, पण दिराचं नको होतं. एकाने विचारलं, "सूचीत नाव आहे पण पानावर नाही, असं करता येतं का?" मी म्हणालो, येत नाही. तो म्हणाला, "मग पानावर आहे पण सूचीत नाही, असं तरी करा." मला पहिल्यांदाच कळलं की सत्ता म्हणजे काय. खेद इतकाच की मी अजून हस्तलिखिताचं पहिलं पानही पाहिलेलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी दाखला घेऊन मी हाव्रिलकबाईंसमोर बसलो. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर घोंगडी, घोंगडीवर निळ्या दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. बोटभर जाड.

"द्या बाई," मी म्हणालो. "घरी नेतो, आठवड्यात परत आणतो."

"घरी?" बाई म्हणाल्या. "ही एकच प्रत आहे. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद कुणाच्या हाती चुकीचे दिले नाहीत, आता स्वतःचे देऊ? मी वाचते, तू लिहून घे. मंगळवार आणि गुरुवार, दोन ते चार."

"तुम्हाला त्रास कशाला? मी मनातल्या मनात वाचतो, इथेच बसून."

"मनातल्या मनात लोक पानं गाळतात. बस."

आणि त्यांनी चष्मा सावरून एकोणीसशे पस्तीसपासून सुरुवात केली. मला हवं होतं चौऱ्याऐंशी. मी हिशेब केला, या वेगाने माझी पाळी एप्रिलच्या मध्यावर येत होती.

पहिल्या दिवशी आम्ही दोघंच होतो. गुरुवारी शेजारच्या खोलीतल्या दोन आज्या विणकाम घेऊन आल्या. पुढच्या मंगळवारी नऊ जण. मग बाहेरची मंडळी यायला लागली, कारण भीती वाटणाऱ्या गोष्टीच्या जवळ बसलेलं माणसाला बरं वाटतं. टॅमसिनने वाचन जेवणघरात हलवलं. कुणी खजुराच्या वड्या आणल्या, कुणी मोठी कॉफीची किटली. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा बर्फाच्या मैदानावरच्या क्लबातून चाळीस खुर्च्या मागवल्या. जे पान मला गुपचूप एकट्याने पाहायचं होतं, ते आता खजुराच्या वड्या खात अख्खं गाव ऐकणार होतं. आणि ही सगळी व्यवस्था माझी होती. टॅमसिनने फळ्यावर लिहिलं होतं, 'संयोजक : अर्विडकाका'.

इथे एक गोष्ट कबूल करतो. मी सूची करायची विसरू लागलो.

बाई काही विशेष वाचत नसत. त्यांच्या पिवळ्या मांजराबद्दल बरंच होतं, डाव्या गुडघ्याबद्दल त्याहून जास्त. पण एका गुरुवारी त्यांनी वाचलं की एका हिवाळ्यात वादळामुळे नऊ दिवस टपाल आलं नाही. दहाव्या दिवशी आलं तेव्हा अख्खं गाव रांगेत उभं. रांगेत एक म्हातारा एकटा शेतकरी, ज्याला कधीच काही येत नसे. तरी तो दर आठवड्याला येऊन उभा राही आणि 'काही नाही' ऐकून टोपीला हात लावून जाई. त्या दिवशी बाईंना 'काही नाही' म्हणवेना. त्यांनी कुणाचंही नाव नसलेला बियाण्यांचा एक कॅटलॉग त्याच्या हातात ठेवला. तो तिथेच बाकावर बसला आणि पहिल्या पानापासून वाचू लागला. गाजरं, बीट, कोबी. संध्याकाळी पोस्ट बंद करताना बाईंनी पाहिलं तर तो वाटाण्यापर्यंत आला होता. तेव्हा त्यांनी दिवा तसाच ठेवला आणि आत जाऊन स्वयंपाकाला लागल्या.

 मग मागून एक जाडा आवाज म्हणाला, "तो माझ्या आईचा मामा. मेला तेव्हा त्याच्या खाटेखाली तसले अकरा कॅटलॉग निघाले."

"बारा," हाव्रिलकबाई म्हणाल्या. "एक त्याने मला परत आणून दिला होता. वाचून झालं म्हणाला."

मी त्या दिवशी पानाचा आकडा टिपलाच नाही. ग्रंथालयातल्या भाषणात मी जे पाऊण तास बोललो होतो, ते सगळं त्या म्हाताऱ्याला वाटाण्याच्या पानावर कळलं असावं, आणि तेही माझ्या मदतीशिवाय.

एकोणऐंशी साल आलं आणि गेलं. वेंडेल पहिल्या रांगेत पोट आत ओढून बसला होता, पट्ट्याशिवाय. पट्ट्याचा उल्लेख आला नाही. त्याने श्वास सोडला तो मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. चार वाजता तो बाहेर पडताना म्हणाला, "सुटलो. पण काय रे, माझं काहीच नाही? पंधरा वर्षं मी त्यांच्या दारातला बर्फ काढलाय."

मग एप्रिल आला. रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा झाला. बुधवारी जेवताना मार्लिस म्हणाली, "उद्या चौऱ्याऐंशी आहे ना? मी येणार."

"तुझी पत्ते खेळायची मंडळी असते गुरुवारी."

"त्यांनाही घेऊन येते. तुझी पत्रं त्याच वर्षी आली होती. पोस्टमास्तरणीला अक्षर माहीत असतं प्रत्येकाचं. ती विधवा कोण ते उद्या कळणार." तिने बटाटा कापला. जरा जास्तच जोरात कापला. "मी रागावणार नाहीये. चाळीस वर्षं झाली. मला फक्त तिचं नाव हवंय."

गुरुवारी मी हाव्रिलकबाईंना दीड वाजताच गाठलं. "बाई, वेळ फार जातोय," मी म्हणालो. "चौऱ्याऐंशीत तसं काही घडलं नव्हतं. थेट शहाऐंशीला गेलो तर?"

"तुला रे काय माहीत काय घडलं नव्हतं?"

"सहज म्हटलं."

"सहज नको म्हणूस. लिहून घे."

दोन वाजता जेवणघरात जागा नव्हती. मार्लिस मधल्या रांगेत, लाल स्वेटर घालून, शेजारी पत्त्यांच्या तिघी, मांडीवर पत्रं चिकटवलेली ती वही. पुरावा म्हणून. मी संयोजकाच्या खुर्चीवर, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेन असा.

बाईंनी पान उलटलं. "एकोणीसशे चौऱ्याऐंशी," त्यांनी वाचलं. "या वर्षी पोस्टात एक अप्रामाणिकपणा घडला. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही."

मार्लिसने वही उघडली. माझ्या पेन्सिलीचं टोक तुटलं. मी विचार केला, शेकोटीच्या वरची पाटी काढली तर मागे भिंतीचा रंग वेगळा दिसेल. तिथे काय लावावं? एखादं बदकाचं चित्र लावता येईल.

"वसंतात छप्पर गळलं," बाई वाचत होत्या, "आणि तिकिटांचं एक अख्खं पाकीट भिजून एकमेकांना चिकटलं. नियमाप्रमाणे मी वरच्या कचेरीला कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. रात्री चुलीवर किटली ठेवून वाफेवर मी तिकिटं सुटी केली, वाळवली आणि घरच्या खळीने गावकऱ्यांच्या पाकिटांवर चिकटवून दिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. देव मला क्षमा करो."

जेवणघरात सगळे एकदम हसले. एक आजी म्हणाली, "तरीच त्या वर्षी पाकिटांना बटाट्याचा वास यायचा." टॅमसिनने डोळे पुसले. मी श्वास घेतला. अर्धाच.

बाईंनी पान उलटलं. "त्याच वर्षी," त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. तेच ते पाहणं. "त्याच वर्षी माझ्या डाव्या गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलं."

उरलेला श्वास मी तेव्हा घेतला. डाव्या गुडघ्यावर इतकं प्रेम मी कधीच केलं नव्हतं. त्या गुडघ्याची सूज, त्यावरचे लेप, मोठ्या गावचा डॉक्टर, त्याचा उर्मट स्वभाव, सगळं मी डोळ्यांत पाणी आणून टिपून घेतलं. माझ्या सूचीत आजही ती सर्वात परिपूर्ण नोंद आहे. 'गुडघा, उजवा' असं पाहायला जाल तर तिथे 'पाहा : गुडघा, डावा' असं आहे, कारण मला त्या वेळी कृतज्ञता दुसरी कशी व्यक्त करावी हे सुचेना.

चार वाजता गाव उठलं. सगळे हलके झालेले दिसत होते, आणि सगळे किंचित नाराज. मार्लिसने वही मिटली. "एक ओळ नाही," ती म्हणाली. "मांजरावर पंचवीस पानं, आणि आपल्यावर एक ओळ नाही." माझ्याऐवजी ती पुस्तकावर रागावली आहे हे पाहून मला बरं वाटलं. तिला मी गाडीपर्यंत सोडलं आणि खुर्च्या रचायला परत आलो.

जेवणघरात बाई एकट्याच होत्या, गठ्ठ्याला दोरी बांधत.

"चौऱ्याऐंशीचं प्रकरण उत्तम जमलंय," मी म्हणालो. "आटोपशीर."

"लोकांना वाटलं मी त्यांचं लिहीन," बाई म्हणाल्या. "नोकरीला लागताना शपथ घेतली होती. टपालातलं बाहेर काढायचं नाही. नोकरी सुटली म्हणून शपथ सुटते का?"

मी एक खुर्ची दुसरीवर ठेवली. मग तिसरी. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आभार मानले असते तर ती कबुली झाली असती.

"सात होती ना रे?" बाईंनी विचारलं.

"आठ," मी म्हणालो. मला गप्प बसता आलं असतं. पण लेखकाला आपलं लिखाण कमी मोजलेलं सोसत नाही.

बाईंनी दोरीची गाठ मारली, वर पाहिलं आणि दार बंद आहे ना याची खात्री करून घेतली.

"पुस्तक ऑक्टोबरात येतंय," त्या म्हणाल्या. "साप्ताहिकात वाचकांची चार-पाच पत्रं आली तर बरं दिसेल. तुला सवय आहे. आणि एक जरा तक्रारीचं असू दे, मांजर फार आहे वगैरे. म्हणजे बाकीची खरी वाटतात."